आमाला लई लागत न्हाई

अक्कानं हौदाचं बूच काढलं तेव्हा मी हौदाशीच उभी होते. हातात घागर. अर्धीच भरलेली. अक्का म्हणाली, "ओत ती. हौदात नको, खाली ओत."

मी ओतली. पायांवरच ओतली गेली. गार पाणी होतं. नळाचं, त्याच सकाळी आलेलं.

मला वाटलं, झालं. पण अक्कानं पदर खोचला, वाकली आणि हौदाच्या तळाशी चिंधी गुंडाळून ठोकलेलं बूच स्वतःच्या हातानं उपटलं. पाणी भसाभसा बाहेर आलं. फरशीवरून, तुळशीला वळसा घालून, फाटकाखालून रस्त्यावर गेलं. अख्खा हौद. मी त्यात घागर बुडवली होती म्हणून.

माय मागच्या मोरीपाशी भांडी घासत होती. पाण्याचा आवाज ऐकून पुढं आली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा हौदाकडं. आता ही मला मारणार, नाहीतर अक्काला काहीतरी बोलणार, असं मला वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. माझ्या हातातली घागर घेतली, एक वाटी घेतली आणि फाटकाशी उकिडवी बसली. तिथं खड्ड्यात पाणी साचत होतं. ते वाटीवाटीनं ती घागरीत भरायला लागली. हाताला राख तशीच होती.

अक्का मागून म्हणाली, "तुम्हाला लागतंच किती गं पाणी? तिघं तर माणसं."

माय वर न बघता म्हणाली, "हाव अक्का. आमाला लई लागत न्हाई."

हौद रिकामा झाल्याचं मी कधीच विसरून गेले असते. मायचं हे वाक्य विसरता येत नाही.

अक्का म्हणजे लातूरच्या एका बऱ्या कॉलनीतल्या घरची मालकीण. माय तिच्याकडं धुणीभांडी करायची. मी शाळा सुटली की तिकडं जायचे, घागर घेऊन. लातूरला नळ रोज येत नाही. तेव्हाही येत नव्हता. आठ-दहा दिवसांनी कधीतरी यायचा आणि आला की कॉलनीत धावपळ उडायची. कारण नवं पाणी आलं की आधीचं पाणी शिळं होतं. आमच्याकडचा शब्द आहे हा. भाकरी शिळी होते तसं पाणीही शिळं होतं. त्याला वास नसतो, त्यात किडा नसतो, काही बिघडलेलं नसतं. फक्त नवं आलेलं असतं. मग पिंपं उपडी करायची, हौद घासायचा, सगळं ओतून द्यायचं आणि पुन्हा भरायचं. दुष्काळी गावात पाणी ओतून देतात म्हटलं तर बाहेरच्याला खोटं वाटेल. शिळं पाणी पिणं म्हणजे गरिबी, आणि कॉलनीतल्या कुणालाच गरीब दिसायचं नव्हतं.

कामाला लावताना अक्कानं मायला सांगितलं होतं, "पगार दुसरीकडच्यापेक्षा कमी देईन. पण शिळं पाणी तू नेत जा." माय खूश झाली. आमच्या वस्तीत टँकर यायचा आणि पाणी घागरीवर विकायचा. शेजारणी तिला वेड्यात काढायच्या. पगार सोडून पाणी घेतं का कुणी? माय म्हणायची, "पैसं घेतलं तरी टँकरवाल्यालाच द्यायचे न्हव का? त्यापरीस पाणीच घेतलेलं बरं." म्हणजे अक्का जे गटारात ओतणार होती, तेच तिनं आम्हाला पगार म्हणून दिलं. वर उपकार केल्याचं पुण्य. हा हिशेब मला फार उशिरा कळला.

त्या दिवशी झालं असं, की साहेबांनी नवी गाडी घेतली होती. साहेब म्हणजे अक्काचा नवरा. शिळ्या पाण्यानं गाडी धुतली. उरलेल्यातून अंगण धुतलं. त्यातूनही उरलं ते गुलाबांना घातलं. मी गेले तेव्हा पिंप कोरडं ठणठणीत आणि हौद काठोकाठ. घरी प्यायला घोटभर नव्हतं. मी लहान होते. मला शिळं आणि ताजं डोळ्यांना सारखंच दिसलं. मी घागर बुडवली.

अक्कानं जात काढली नाही. लातूरची शिकलेली माणसं जात काढत नाहीत. ती घागरीचं बूड काढतात. "कुठं कुठं टेकवता ती घागर, बघ तिचं बूड," एवढंच ती म्हणाली. घागर जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची होती आणि मायनं राखेनं अशी घासलेली, की तिच्यात तोंड दिसायचं.

हौद पुन्हा भरायला साहेबांनी लगेच टँकरवाल्याला फोन लावला. पलीकडून भाव वाढल्याचं सांगितलं असावं. साहेब म्हणाले, "वाढला तर वाढला. पाणी पाठवा." आणि ते पुन्हा चहा प्यायला लागले. भाव वाढला म्हणून त्या घरातलं गुलाबाचं एकही रोप सुकलं नाही. पुढच्या नळाला शिळं पाणी पुन्हा ओतलं गेलं, गाडी पुन्हा धुतली गेली.

तोच भाव आमच्याकडंही वाढला. मायनं आधी एक घागर कमी केली. मग आंघोळी दिवसाआड. मग धुणं आठवड्यानं. भाजी धुतलेल्या पाण्यात पाय, पाय धुतलेल्या पाण्यात फरशी. एवढं करूनही पुरेना, तेव्हा तिनं आणखी एक गोष्ट कमी केली आणि ती आम्हाला कळली नाही. जेवायला बसलं की तांब्या माझ्याकडं आणि बाबांकडं सरकवायची.

"तू पी की, माय."

"मला तहानच लागत न्हाई गं."

मला ते खरं वाटायचं. काही माणसांना तहान लागत नसते, काहींना भूक लागत नसते, असं मी धरून चालले होते. बाबा पूर्वी अर्धापूरकडं दुसऱ्याच्या केळीच्या बागेत पाणी द्यायला होते. केळीला तहान लागली की पानावर आधी दिसतं, असं ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे. लांबून नुसतं पान बघून सांगायचे म्हणे. मायचं तोंड रोज समोर होतं, ते त्यांना वाचता आलं नाही. मलाही आलं नाही.

टँकरचा भाव वाढला की आमच्या घरात माय कमी व्हायची. दुसऱ्या कशातून कमी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा नांदेडचं स्थळ आलं. मायनं मुलाचं शिक्षण विचारलं नाही, शेतीवाडी विचारली नाही. "पाणी कसं हाय तुमच्याकडं?" एवढंच विचारलं. मध्यस्थ हसला. म्हणाला, "अवो, गोदावरी हाय की गावात!" झालं, तिथंच ठरलं. मांडवात माय दिसेल त्या बाईला सांगत होती, "पोरगी पाण्याच्या गावात दिली." सोन्याच्या घरात दिली असं सांगावं, तसं सांगत होती. मी तिला इतकं आनंदात पुन्हा बघितलं नाही.

पुढं तिच्या पाठीत कळा यायला लागल्या. लघवीला आग. मुतखडा निघाला. मी लातूरला गेले, तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता, स्वभावानं चांगला होता. म्हणाला, "मावशी, पाणी भरपूर प्यायचं. सगळ्यात स्वस्त औषध आहे. फुकटचं."

माय हसली. खदाखदा हसली. डॉक्टरही हसला, त्याला वाटलं मावशीला गंमत वाटली. त्या हसण्याचं मला आजही भ्या वाटतं.

एकदा मुतखडा पडला, पुन्हा झाला, पुन्हा झाला. मग किडन्या गेल्या. मग त्याच दवाखान्यात सांगितलं, आता हिला पाणी मोजून द्या, जास्त देऊ नका, अंगावर सूज येते. आणि तेव्हा मात्र मायला तहान लागली. जन्मभर दाबलेली सगळी. "घोटभर दे गं," म्हणायची. लहान पोरासारखी हात पुढं करायची. माझ्या हातात तांब्या भरलेला असायचा आणि मला तो देता यायचा नाही. ओल्या फडक्यानं मी तिचे ओठ पुसायचे. ती ते फडकं चोखायची. अशी गेली माझी माय.

आणि पाण्याचं गाव? माझं घर पाण्यापासून लांबच निघालं. नांदेडला गोदावरी आहे, खोटं नाही. पण आम्ही राहतो ते शहर संपतं तिथं. मधून एक रस्ता जातो. रस्त्यापलीकडं कॉलनी, बंगले, गच्चीवर टाक्या. अलीकडं आमची वस्ती. माझा नवरा तेच बंगले रंगवतो आणि मी कॉलेजच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. इथंही टँकर. फक्त घागरीच्या जागी ड्रम आलाय. टँकरच्या मालकाला सगळे भाऊ म्हणतात.

मेसवाल्यानं माझा पगार वाढवला तेव्हा मी साडी घेतली नाही. एक ड्रम जास्त घ्यायला लागले. त्या ड्रमानं माझ्या मुलीला रोजची आंघोळ मिळाली. परीक्षा संपून पोरं गावाकडं जातात, मेस बंद होते, माझा पगार थांबतो. पहिला तो ड्रम जातो. पलीकडच्या कॉलनीत कुणाचा पगार वाढला की दारात हिरवळ लावतात, आणि ती उन्हाळ्यातही हिरवीच असते. मी कामाला जाताना रोज बघते. बघायचं नाही ठरवलं तरी डोळे जातात.

मुलगी सातवीत आहे. यंदा होळी झाली आणि ऊन तापायला लागलं, तेव्हा एक दिवस तिच्या दप्तरातून पाण्याची बाटली काढली. भरलेली. जशी दिली तशी.

"पाणी कामून पिली न्हाईस?"

"शाळंत संडासात पाणी नसतंय. पिलं की जावं लागतंय."

"मग आता पी."

ती दप्तर आवरत होती. सहज म्हणाली, "मला तहानच लागत न्हाई, मम्मी."

हे वाक्य मी तिला कधी शिकवलं नव्हतं. तिनं आजीला नीट बघितलंही नव्हतं. तरी ते माझ्या घरात आलं होतं, त्याच शब्दांत, त्याच सहजपणे. दोन दिवसांनी तिनं हळूच सांगितलं, लघवीला आग होतेय. त्या दिवसापासून माझी झोप उडाली ती उडालीच.

त्याच दिवसांत वस्तीत नळयोजनेचा साहेब आला. मारुतीच्या पारावर सगळे जमले. बायका पुढं, पुरुष मागं, आणि सगळ्यांच्या मागं हातात किल्ल्या फिरवत भाऊ. साहेब रागीट नव्हता, उर्मट नव्हता. समजावून सांगितल्यासारखं सांगत होता. म्हणाला, कोणत्या भागात लोक किती पाणी घेतात याची माहिती आम्ही काढली आहे. तुमच्या वस्तीची मागणी कमी आहे. म्हणून इथं बारीक पाइप येईल, आठवड्यातून एकदा पाणी सुटेल. समोरच्या कॉलनीची मागणी जास्त आहे, तिकडं मोठी लाइन जाईल. बोलता बोलता त्यानं बाटलीतलं पाणी हातावर घेऊन चष्मा धुतला.

मागणी. आमच्याकडं मागणी येते ती मुलीला. आणि मागणं म्हणजे हात पसरणं. आम्ही जन्मात हात पसरला नाही. उपाशी राहिलो, तहानलेले राहिलो, आणि वर म्हणालो की बरं चाललंय. ती आमची अब्रू होती. त्या अब्रूलाच साहेब कमी मागणी म्हणत होता. भाव परवडत नाही म्हणून आम्ही कमी घेतो. कमी घेतो म्हणून आम्हाला कमी देणार. कमी आलं की पुन्हा टँकर, पुन्हा भाव. मला ते सगळं एकदम दिसलं.

पुढं माझी शेजारीण गंगाबाई बसली होती. म्हातारी, भली बाई. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडून म्हणाली, "हाव साहेब. बरोबर हाय तुमचं. आमाला लई लागत न्हाई."

मला समोरचा पार दिसेनासा झाला. फाटक दिसलं. उकिडवी बसलेली माय दिसली, हातात वाटी.

मी उठले. "साहेब, खोटं हाय ते. आमी घेतो ते लागतंय तेवढं न्हाई. परवडतंय तेवढं हाय."

साहेब म्हणाला, "ताई, लोक जेवढं घेतात तीच मागणी धरतात."

"माझी माय न पिता मेली. तिची मागणी किती धरली?"

"वैयक्तिक विषय इथं नको." मग तो सगळ्यांकडं वळला. "बाकी कुणाला पाणी पुरत नाही? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. गंगाबाई मांडीवरच्या हातांकडं बघत बसली. मागून नवऱ्याचा आवाज आला, "बस की खाली. कायला तमाशा करून राहिली?" मी बसले नाही. हात वर केला आणि तसाच ठेवला. साहेबानं पुढचं बोलणं सुरू केलं. माझा हात दुखायला लागला तरी तो वरच होता आणि कुणी तिकडं बघत नव्हतं.

संध्याकाळी भाऊ दारात आला. आवाज चढवला नाही. चप्पल बाहेर काढून उंबऱ्याशी उभा राहिला.

"वहिनी, आमचं पाणी तुमाला पुरत न्हाई म्हणं."

मी उंबऱ्याशी येऊन उभी राहिले.

"मंग जिथं पुरतंय तिथनं घ्या. उद्यापासनं आपला टँकर तुमच्या दारात थांबायचा न्हाई. हां, साहेबाला जाऊन सांगितलं, पुरतंय म्हणून, तर मग आपलं काय भांडण न्हाई."

घरात येऊन त्यानं माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, शाळा कशी चाललीय विचारलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. गंगाबाईच्या दारात थांबला. माझ्या दारावरून पुढं गेला. पलीकडच्या दारात थांबला. बायका ड्रम भरत होत्या आणि माझ्याकडं पाठ करून उभ्या होत्या. मी त्यांना दोष देत नाही. पण मी त्या पाठी विसरणारही नाही. गंगाबाई नंतर कुंपणाशी येऊन हळूच म्हणाली, "जा ना माय, पुरतंय म्हणून ये. नुसतं तोंडानं म्हणायचं. लेकराकडं बघ." नवरा म्हणाला, "म्हणून टाक. काय झिजतंय?"

झिजतंय. मी ते झिजताना बघितलंय. ते आधी तोंडानंच म्हणतात, मग त्याची सवय होते, मग तहान लागणंच बंद होतं, मग पाठीत कळ येते.

मी गेले नाही.

काल ड्रमचा तळ दिसला. मी तिरपा करून शेवटचं पाणी तांब्यात काढलं. मुलगी जवळ येऊन बसली. माझ्या तोंडाकडं बघून तिनं ओळखलं असावं. म्हणाली, "मम्मी, तू काळजी करू नको. मला तहान लागत न्हाई."

मी तिचा दंड धरला. जोरात धरला असेल, ती दचकली.

"लागली म्हण."

"अं?"

"तहान लागली म्हण."

"लागली," ती पुटपुटली.

"मोठ्यानं म्हण."

"तहान लागली!" ती ओरडली आणि तिला रडू फुटलं. मी तांब्या तिच्या तोंडाला लावला. ती गटागटा प्यायली. सात जन्मांची तहानलेली असावी तशी प्यायली. ही पोरगी म्हणत होती, मला तहान लागत नाही! अर्धा झाल्यावर तिनं तांब्या माझ्याकडं सरकवला. "तू पण पी."

मायचं वाक्य माझ्या जिभेवर आलंच होतं. मी ते गिळलं आणि उरलेलं सगळं पाणी प्याले. घरात आता पाणी नाही. कसलंच नाही, शिळंही नाही.

रस्त्याच्या कडेनं चुन्याची रेघ मारून गेलेत. तीच आमच्या वाट्याची बारीक लाइन. उद्या खोदायला येणार आहेत. साहेब येईल, भाऊ येईल. मी तो ड्रम त्या रेघेवर उपडा ठेवून त्यावर बसणार आहे. मुलगी म्हणाली, मी पण येते. मी ये म्हटलं. कुणी बरोबर आलं तर येईल, नाही आलं तरी दोघी बसू. दमदाटी करतील. उचलून बाजूला ठेवतील, मी परत येऊन बसेन. मग साहेब कधीतरी विचारेलच, ताई, तुम्हाला लागतं तरी किती?

तेव्हा मान वर करून सांगणार आहे. आमाला लई लागतं, साहेब. लई लागतं.